परवलीचा शब्द

माझ्या बोलण्यात क्रियापद फार उशिरा येते, ही तक्रार आमच्या घरात माझ्या विवाहापासून चालत आलेली आहे. दूध उतू चालले आहे एवढी साधी वार्ता जरी माजघरात पोहोचवावयाची असली, तरी शेगडीची धग, पातेल्याची धारणशक्ती, आमच्या गवळ्याची सचोटी आणि अग्नी या महाभूताचा मूळ स्वभाव यांची यथोचित विशेषणे ओवीत ओवीत मी 'चालले आहे' येथवर येईपर्यंत पातेले रिकामे आणि शेगडी ओली झालेली असते. याचा दोष मी बाणभट्टाकडे देतो. ज्याने आयुष्याची अकरा वर्षे 'कादंबरी'तील एकेका वाक्याचे क्रियापद पुढच्या पानावर शोधण्यात घालविली, त्याच्याकडून तडकाफडकी बोलण्याची अपेक्षा करणे म्हणजे गोगलगाईला टपालखात्यात नेमण्यासारखे आहे. आणि तरीही १९६३ साली पन्नास धडधाकट तरुणांना 'थम' या दोन अक्षरांवर जागच्या जागी उभे करण्याची कामगिरी मजकडे सोपविण्यात आली.

१९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिच्या शिफारशींवरून १९४८ साली कायदा झाला आणि राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे जिला सारे गाव एन.सी.सी. म्हणते ती, जन्मास आली, एवढे मला वर्तमानपत्रांवरून ठाऊक होते. त्याही पूर्वी इंग्रजी अमदानीत युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर नावाचे पथक असे, हेही ठाऊक होते, कारण त्या पथकातून आणलेले मामांचे बूट आमच्या माळ्यावर होते आणि त्यांत दरसाल मांजर वीत असे. लष्कराशी आमच्या घराण्याचा संबंध एवढाच. पण १९६२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी चिनी फौजा हिमालय उतरल्या, देशभर एकच खळबळ उडाली, आणि पुढील वर्षी महाविद्यालयातील प्रत्येक सुदृढ विद्यार्थ्यास ही छात्रसेना सक्तीची झाली. विद्यार्थी एका रात्रीत सैनिक झाले. अधिकारी मात्र कमी पडू लागले, आणि ते प्राध्यापकांतूनच काढावेत असे ठरले.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतले.

"तुमच्या संस्कृतच्या वर्गात विद्यार्थी किती?"

"सात."

"पैकी नियमित येणारे?"

"पावसाळ्यात चार."

"म्हणजे तुम्हाला वेळ आहे."

"पण सर, मला बंदुकीतले काहीएक कळत नाही."

"तुम्ही वीररस शिकवता ना?" प्राचार्य कागदावर शिक्का मारीत म्हणाले, आणि तो विषय, माझे त्यावरील वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच, निकालात निघाला.

शिक्षणासाठी आम्हांला नागपूरजवळच्या कामठीस धाडण्यात आले, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले प्राध्यापक तेथे अर्ध्या चड्डीत उभे होते. वनस्पतिशास्त्राचे एक विद्वान, ज्यांच्या ग्रंथाचे तीन खंड प्रसिद्ध झाले होते, डावा पाय कोणता या विषयावर एका हवालदाराकडून सप्रमाण व्याख्यान ऐकत होते. आणि अर्थशास्त्राचे एक विभागप्रमुख पितळी बक्कल ब्रासोने घासता घासता, या बकलाची सीमांत उपयोगिता शून्याखाली गेली आहे, असे हळूच पुटपुटत होते. मला स्वतःला पहिल्या दिवशी सर्वांत जाच झाला तो 'सावधान' या शब्दाचा. 'सावधान' ऐकताच टाचा जुळवून निश्चल उभे राहावे, ही कल्पना मराठी मनास मुळातच परकी आहे. तो शब्द कानी पडताच समर्थ बोहल्यावरून पसार झाले, ही कथा आपण पाळण्यात ऐकतो. आणि ज्यांना पसार होणे जमले नाही अशा आम्हां इतरेजनांस तो शब्द आठवला की पाय स्थिर न होता लटपटू लागतात.

परतलो तो सेकंड लेफ्टनंट होऊन. खाकी पोशाखाला खळ लावण्याचे काम आमच्या परटाने इतक्या देशभक्तीने केले की चड्डी खुंटीवर न अडकविता जमिनीवर उभी करून ठेवता येई. शिस्त आमच्या घरात प्रथम आत्मसात केली ती त्या चड्डीने. रोज सकाळी मी तिच्यात शिरत असे, अंगावर घालीत असे असे म्हणवत नाही.

पोशाखापाठोपाठ सलामीचा प्रश्न उभा राहिला. संचलनाच्या दिवशी सकाळी बाजारातून मेथी घेऊन ये, एवढी आज्ञा मला गृहमंत्रालयातून झाली होती, आणि ती मी गणवेशातच पाळीत होतो. डाव्या हातात पिशवी व छत्री, उजव्या हातात मेथीची जुडी, अशा अवस्थेत समोरून माझ्याच तुकडीतील दोन छात्र आले आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला. सलाम घेतलाच पाहिजे, तो उजव्या हातानेच घेतला पाहिजे, आणि तो विनाविलंब घेतला पाहिजे, असे कामठीस आमच्या हाडीमाशी भिनविले होते. मी मेथीसकट हात कपाळाशी नेला. पाने डोळ्यांवर आली, चार काड्या टोपीत अडकल्या, आणि भाजीवाली बाई मान वर करून म्हणाली, "मास्तर, सोताचीच दिष्ट काढताय व्हय?"

तथापि माझी खरी अडचण होती ती आवाजाची. आमच्या महाविद्यालयात कायमस्वरूपी नेमलेले एक हवालदार होते; सातारा जिल्ह्यातले, मितभाषी, आणि दीड फर्लांगावरून माणसाला पुतळा करणारे. हवालदार या शब्दाविषयी मला तोवर पुस्तकी आदर होता. शिवकाळी पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी रचना असे, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. त्या हिशेबाने पन्नास मुले सांभाळणारा मी दोन हवालदारांच्या बरोबरीचा ठरत होतो. प्रत्यक्षात या एका हवालदारांच्या दशांशाइतकाही मी नव्हतो, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळले आणि मला कळून दोन महिने झाले तरी पटले नाही.

"साहेब," ते म्हणाले, "आवाज घशातनं नको, बेंबीच्या देठापासनं पाहिजे."

बेंबीच्या देठाचा शोध घेण्यासाठी मी भल्या पहाटे परसात आणि तेथून शेजाऱ्यांनी हाकलल्यावर घरासमोरच्या रस्त्यावर सराव आरंभिला. फलश्रुती विपरीत झाली. स्टेशनाकडे जाणारे टांगे आमच्या दारावरून जात, आणि माझा 'थम' टांगेवाल्यांच्या कानांत 'थांब' असा शिरे. पहिल्या तीन दिवसांत चार टांगे थांबले. "बसा," टांगेवाला म्हणे. मी त्यास माझ्या सरावाचा हेतू, राष्ट्रावरील संकट आणि छात्रसेनेचे प्रयोजन समजावून देऊ लागे, तोवर आतील उतारूंची गाडी चुके. चौथ्या टांगेवाल्याने खोळंब्याचे आठ आणे घेतले. आज्ञा पाळणारे जगात कोणी तरी आहेत याचा आनंद मला झाला होता, परंतु तो आनंद दररोज आठ आण्यांना परवडणारा नव्हता.

अखेर प्रत्यक्ष संचलनाचा दिवस उजाडला. येथे थोडे गणित सांगणे भाग आहे. तेज चालीत मिनिटाला १२० पावले पडतात आणि प्रत्येक पाऊल ३० इंचांचे असते; म्हणजे तुकडी मिनिटाला बरोबर शंभर यार्ड कापते. आमचे मैदान लांबीला जेमतेम साठ यार्ड. पलीकडे कुसू होते, कुसवाला एक खिंडार होते आणि खिंडारापलीकडे नगरपालिकेचा कोंडवाडा होता. 'तेज चल' हा हुकूम मी अत्यंत समाधानकारक रीतीने दिला. मुले निघाली. पन्नास जोड बूट एका ठेक्यात पडू लागले आणि तो नाद ऐकून माझे अंतःकरण भरून आले. अंतःकरण भरून आले की माझी वाक्ये लांबतात. कुसू वीस यार्डांवर आले तेव्हा मला परिस्थितीची जाणीव झाली, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "आता समोरील भिंत अत्यंत निकट आली असल्याकारणाने, पुढील रांगेतील छात्रांनी प्रथम आणि तदनंतर मागील सर्वांनी, कोणत्याही प्रकारे परस्परांस धक्का न लागेल अशा बेताने—"

क्रियापद तोंडात येईपर्यंत पहिली रांग खिंडारातून अदृश्य झाली होती. हुकूम नाही तोवर थांबावयाचे नाही, एवढे एकच तत्त्व त्या मुलांनी माझ्याकडून निरपवादपणे शिकले होते. मी धावत कोंडवाड्यात पोहोचलो तेव्हा पन्नास छात्र दोन वळू आणि एक मालकहीन म्हैस यांच्या सान्निध्यात जागच्या जागी कदमताल करीत होते, आणि कोंडवाड्याचा कारकून पावतीपुस्तक उघडून बसला होता.

"मालक तुम्हीच का?" त्याने विचारले. "पावती कुणाच्या नावे फाडू? आकार दर डोई आहे."

परतीच्या वाटेवर हवालदार बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, शब्द एकच हाय. त्यो आधी टाकायचा. कारणं मागनं सांगायची."

नेतृत्वाची व्याख्या म्हणून याहून नेटके वाक्य मला पुढे कोठे आढळले नाही. पण तेव्हा मी त्यात क्रियापदांची संख्या मोजीत होतो.

सक्ती आली की सूट आलीच, आणि सूट आली की दाखले आले. ज्या गावात पूर्वी सपाट तळव्यांचा एकही मनुष्य नव्हता, तेथे एका पंधरवड्यात बावीस तरुणांचे तळवे सपाट झाले. एका अर्जात 'डावे व उजवे यांचा सकाळच्या प्रहरी बोध होत नाही' असे कारण दिले होते, आणि ते अक्षरशः खरे असल्याने मला नाकारता आले नाही. दुसऱ्याचा वैद्यकीय दाखला निर्दोष होता. फक्त सही तालुक्याच्या पशुवैद्याची होती. कोंडवाड्याचा प्रसंग ताजा असल्यामुळे मी त्यावर शेरा मारण्याचे धाडस केले नाही. जे येत, त्यांचीही दृष्टी एका बाबतीत बेशिस्त होती. 'दाहिने देख' म्हणताच सर्वांच्या माना एका झटक्यात उजवीकडे वळाव्यात अशी अपेक्षा असते. आमच्या माना दोन-दोन, चार-चार करून, विचारविनिमय झाल्यासारख्या वळत, आणि वळून ज्या दिशेला स्थिरावत ती दिशा मुलींच्या विश्रांतिगृहाची असे.

मैदानावर गमावलेली प्रतिष्ठा वर्गात मिळवावी, असे मी ठरविले. आठवड्यातून एकदा 'नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्वविकास' या विषयावर व्याख्यान द्यावे लागे. त्यासाठी आलेल्या छापील टिपणात सद्गुणांची एक यादी होती, आणि तिच्यातील सर्व सद्गुण एकाच व्यक्तीच्या ठायी असलेले मी फक्त आमच्या संस्थेच्या दिवंगत देणगीदाराच्या तैलचित्राखाली कोरलेले वाचले होते. मी ते टिपण बाजूस ठेवले आणि धनंजयाचे 'दशरूपक' उघडले. नायकाचे चार प्रकार. धीरोदात्त, जसा श्रीराम; धीरललित, जसा वत्सराज उदयन; धीरप्रशांत, जसा चारुदत्त; आणि धीरोद्धत, जसा परशुराम. चौघांतही धीर हा समान. मुले प्रथमच लक्षपूर्वक ऐकू लागली.

"सर," एकाने विचारले, "आपले सुभेदारसाहेब यांपैकी कोणते?"

"धीरोद्धत," मी म्हणालो. क्वचित कधी मी एका शब्दात बोलतो ते असे. सुभेदारसाहेब दारात उभे होते.

"त्याचा अर्थ काय, सर?"

"परशुरामासारखा," मी म्हणालो. त्यांच्या मिशा प्रसन्न झाल्या, आणि पुढील महिनाभर माझ्या बुटांना मी न सांगता पॉलिश होत गेले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला. माझ्या संस्कृतच्या सात विद्यार्थ्यांपैकी तो सातवा होता; देहाने ऐसपैस, आणि दोन वर्षांत माझ्या वर्गात 'हजर' यापलीकडे अक्षर न उच्चारलेला. "सर, विदूषक कुठल्या प्रकारात येतो?"

"विदूषक नायक नसतो," मी सांगितले. "तो नायकाचा मित्र. त्याला हुद्दा नाही. मात्र मोदक त्याला मिळतात."

ही माहिती त्याने वहीत उतरवून घेतली. तिचा उपयोग त्याने त्याच आठवड्यात केला. संचलनानंतर मुलांना अल्पोपाहार मिळत असे, दोन केळी आणि चिवड्याचा एक पुडा, आणि त्या टोपलीभोवती दर खेपेस पानिपत होई. सुभेदारसाहेबांच्या मिशा, हवालदारांचा आवाज आणि माझी विनंतीवजा वाक्ये यांपैकी कशाचाही तेथे इलाज चालत नसे. त्या दिवशी हा सातवा एका पालथ्या घमेल्यावर चढला आणि म्हणाला, "रांगा तीन. केळी डावीकडे. पुडा उजवीकडे. सालं घमेल्यात." आणि पन्नास मुले, ज्यांतील कित्येकांस डाव्या-उजव्याचा बोध होत नसल्याचे दाखले माझ्या दप्तरी होते, निमूटपणे तीन रांगांत उभी राहिली. मी थक्क होऊन पाहात राहिलो. त्याच्या उभ्या भाषणात क्रियापदच नव्हते.

वार्षिक शिबिर गावापासून सहा कोसांवर एका माळावर होते, आणि शिबिराचा पहिला तंबू ठोकला जाताच पाऊस सुरू झाला. त्याविषयी अधिक लिहीत नाही. डाळीत पाणी की पाण्यात डाळ हा वाद ज्यांनी लंगरात ऐकला आहे त्यांना सांगावयास नको, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून पटणार नाही. रात्री मात्र पहाऱ्याची व्यवस्था चोख होती. दर संध्याकाळी मी परवलीचा शब्द ठरवून द्यावा, पहारेकऱ्याने येणाऱ्यास हटकावे, आणि शब्द जुळल्याखेरीज कोणासही, प्रत्यक्ष कमांडिंग ऑफिसर का असेनात, आत सोडू नये, असे मीच रांगेसमोर बजावून सांगितले होते. त्यावर एक वाक्यही मी बोललो होतो, जे संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत टिकले. पहिल्या रात्रीचा शब्द मी 'नायक' असा दिला. दुसऱ्या संध्याकाळी काही तरी दुसरा शब्द दिला.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मी छत्री आणि तांब्या घेऊन तंबूबाहेर पडलो होतो. परत येताना अंधारातून आवाज आला, "थम! कौन आता है?"

मी थमलो. आवाज ओळखीचा होता. देहाची बाह्यरेषा तर अधिकच ओळखीची होती. "अरे, मी. तुमचा सर."

"परवलीचा शब्द?"

"नायक."

"तो कालचा. हात वर."

मी हात वर केले. एका हातात छत्री होती ती मिटली, दुसऱ्या हातातील तांब्याचे पाणी बाहीतून कोपरापर्यंत आले. त्याच्या हातातील थ्री-नॉट-थ्री कवायतीपुरतीच होती आणि तिच्यातून गोळी सुटणे अशक्य होते, हे मला ठाऊक होते. पण ती नऊ पौंडांच्या आसपास भरते आणि तिचा दस्ता लाकडी असतो, हेही मीच त्याला शिकविले होते. मी 'धीरोदात्त' म्हणून पाहिले. 'चारुदत्त' म्हटले. मग या नियमाचा कर्ता मीच असल्याने, आणि कर्त्यास आपल्या नियमातून सूट देण्याची प्रथा शास्त्रसंमत असल्याने, त्याने मला, निदान पावसाचा जोर लक्षात घेऊन—

"सर, शब्द एकच आहे," तो शांतपणे म्हणाला.

पाऊस बरगड्यांत शिरत होता. सुमारे पंधरा मिनिटे मी त्या अवस्थेत उभा राहिलो, आणि समग्र संस्कृत नाट्यवाङ्मय मनातल्या मनात चाळीत शेवटी त्या शब्दापाशी आलो. संध्याकाळी तो सुचला तेव्हा मला स्वतःच्या विनोदबुद्धीचे किती कौतुक वाटले होते, हेही त्याच क्षणी आठवले.

"कौन आता है?" त्याने नियमाप्रमाणे पुन्हा विचारले.

"विदूषक," मी म्हणालो.

"ओळख पटली. आगे बढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमांडिंग ऑफिसर पाहणीस आले. उंच, उत्तरेकडचे, स्वच्छ हिंदी बोलणारे. रांगेतील एका छात्रास त्यांनी विचारले, "जवान, एन.सी.सी. में क्यों आए?" तो म्हणाला, "सक्ती आहे म्हणून, साहेब." ते प्रसन्न हसले आणि, लडका सच बोलता है, असे म्हणून पुढे गेले. एकंदरीत सारे सुरळीत पार पडणार अशी चिन्हे होती. मी तुकडीच्या उजव्या बाजूस, खळीची चड्डी पावसाने नामोहरम झालेली अशा स्थितीत, सावधान उभा होतो. इतक्यात त्यांनी पहाऱ्याची नोंदवही मागविली आणि बोट ठेवीत ठेवीत रात्रीच्या नोंदीपाशी आले. सातव्याचे अक्षर वळणदार आहे. लिहिले होते: 'रात्रौ २-१०. विदूषक आले. झडती घेतली. तांब्या १, छत्री १. ओळख पटल्यावरून सोडले.'

"ये विदूषक साहब कौन हैं?" कमांडिंग ऑफिसरांनी वहीतून मान वर करून विचारले.

सुभेदारसाहेब आकाशाकडे पाहू लागले. हवालदारांनी ओठ मिटून घेतले. कोणीही कसलाही हुकूम दिला नाही. आणि तरीही पन्नास माना, एका क्षणी, एका झटक्यात, दाखल्याचे बावीसही धरून, अशा काही 'दाहिने देख' झाल्या की तसे संचलन कामठीलाही माझ्या पाहण्यात आले नव्हते.